प्रेमकादंबरी लिहिताना: कुठून सुचतं, कधी लिहिते

सोनटक्का

मागच्या महिन्यात माझी तिसरी कादंबरी छापून आली. तेव्हापासून इथल्या बऱ्याच जणांनी निरोप पाठवून तेच दोन प्रश्न विचारलेत. एवढं भावनिक सुचतं कुठून, आणि बँकेची नोकरी सांभाळून लिहिता कधी? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. तुम्हीही लिहा, म्हणजे मलाही काही मिळेल.

सुचतं कुठून, याचं खरं उत्तर आमच्या घरातल्या एका जुन्या कालनिर्णयवर आहे.

नऊ वर्षांपूर्वी आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन औषधं दिली. एकाचे थेंब दिवसातून चारदा. दुसऱ्याचे पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. आणि दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मी रजा टाकली होती, थेंब मीच घालणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलेलं. तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशोब असतो ना, त्याच्या शेजारी बारीक उभ्या रेघा मारायला सुरुवात केली होती. एक थेंब, एक रेघ.

अण्णा तेव्हा ७२ वर्षांचे होते. लालबागला कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि त्यांच्यासाठी ती गिरणी पुन्हा उघडली नाही. आईने खानावळ चालवून आम्हाला वाढवलं. त्या वर्षांत आमच्या खोलीत भांड्यांचा आवाज असायचा, या दोघांचा नसायचा. "जेवलीस का" एवढंही अण्णांनी आईला विचारल्याचं मला आठवत नाही.

तर त्या सकाळी अण्णांनी साबणाने हात धुतले. खुर्ची आईच्या समोर ओढली. डाव्या हाताच्या करंगळीने तिची खालची पापणी हलकेच खाली ओढली, "वर बघ" म्हणाले आणि थेंब सोडला. आईने डोळे मिटले. मग ते उठले नाहीत. पाच मिनिटं तिथेच बसून राहिले, तिच्या गुडघ्याला गुडघा टेकवून. रेडिओ नाही, पेपर नाही. ती डोळे मिटून, आणि हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पाच मिनिटं झाल्यावर म्हणाले, "चल, दुसरा." असं रोज चार वेळा, जवळजवळ सहा आठवडे. मला एकदाही बाटलीला हात लावू दिला नाही.

माझी पहिली कादंबरी त्या पाच मिनिटांतून निघाली. तिच्यात मोतीबिंदू नाही, म्हातारी माणसंही नाहीत. तिशीतली दोन माणसं आहेत. तो पश्चिम रेल्वेने येतो, ती मध्य रेल्वेने, आणि दादरच्या पुलावर दोघांच्या गाड्यांमध्ये पाच मिनिटं सापडतात.

तेव्हापासून मी एक धरून ठेवलंय. मुंबईत माणूस माणसाला काय देणार? जागा नसते. पैसा मोजका. उरतो वेळ, तोसुद्धा गाडीच्या वेळापत्रकातून कापून काढलेला. म्हणून माझ्या नायकाला काय वाटलं हे मी शक्यतो लिहीत नाही. त्याने कुठली गाडी सोडली, ते लिहिते.

आता लिहिते कधी. पहाटे पावणेपाच ते सहा. सहाला पाणी येतं, की मग पिंप, हंडे, डबे, धावपळ. तो सव्वा तास माझा. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी घडीचं टेबल मांडते. मोबाइल बाहेरच्या खोलीत. पहिला खर्डा हातानेच, फुलस्केपवर, एका बाजूला. दिवसाला दीड पान झालं तरी मला पुरतं. रविवारी आठवड्याचा मजकूर फोनवर टंकते, आणि टंकताना त्यातला तिसरा हिस्सा आपोआप गळतो, कारण हाताने लिहिताना गोड वाटलेली वाक्यं अंगठ्याने टंकायचा कंटाळा येतो. ती वाक्यं बहुतेक वेळा गळण्याच्याच लायकीची असतात.

एक शंभरपानी वही कायम पर्समध्ये असते. तिला मी "केल्याची वही" म्हणते. तिच्यात कुणाला काय वाटलं ते लिहायचं नाही, कुणी कुणासाठी काय केलं तेवढंच. परवाच्या नोंदी देते:

परळला हॉस्पिटलच्या जिन्याखाली एक माणूस बायकोच्या चपला हातात घेऊन उभा. ती आत एक्सरेला. खाली ठेवायला भरपूर जागा होती.

बसमध्ये शेजारच्या मुलाला झोप लागली. त्याच्या हातातून सुटत चाललेली बॅग मुलीने अलगद स्वतःच्या मांडीवर घेतली. "तुझा स्टॉप" म्हणून हलवायला हात पुढे केला, मग मागे घेतला. स्टॉप गेला.

पहाटे दादरच्या फूलबाजारात एक बाई रोजच्या माणसाकडून चाफा घेते. त्या दिवशी दुकानावर त्याचा मुलगा. तिने चाफा घेतला नाही, "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारून गेली.

या तिघांपैकी कोण कुणाचं कोण आहे, मला ठाऊक नाही. ते ठाऊक नसतं म्हणूनच कादंबरी लिहायची राहते.


अनुस्वार

ताई, कालनिर्णयवरच्या रेघांपाशी थांबले आणि आधी घरी फोन केला, मग पुढचं वाचलं. एकच विचारायचंय. लिहिताना तुम्ही स्वतः रडता का?


सोनटक्का

रडते. पण ज्या पानावर रडले त्या पानावर पेन्सिलने फुली मारून ठेवते आणि ते आठ दिवसांनी पुन्हा वाचते. माझ्या रडण्याचं कारण पुष्कळदा पानावर नसतं, माझ्या डोक्यात असतं. लिहिताना मला आमची खोली आठवते, आईचा खानावळीचा स्टोव्ह आठवतो. वाचणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? आठ दिवसांनी कोरड्या डोळ्यांनी वाचलं तरी गलबलून आलं, तर ते पानावर उतरलं म्हणायचं.

अजून एक पाळते. पात्र रडायच्या बेतात आलं की प्रसंग तिथेच संपवते. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, एवढंच लिहायचं. पुढचं वाचणारा स्वतःचं भरतो.


उत्तररात्र

सुंदर लिहिलंय, पण थोडं वेगळं म्हणतो. मी प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर क्रमशः लिहितो, रोज एक भाग. माझे वाचक डोंबिवली-बदलापूरच्या गाडीत उभे राहून, एका हाताने कडी धरून वाचतात. दिवसभर त्यांना कुणी चार शब्द प्रेमाचे बोललेलं नसतं. त्यांना नायकाच्या तोंडून ते ऐकायचे असतात. "तू आहेस म्हणून मी आहे" हे वाक्य मी लिहिलं की त्याखाली शंभर जणी लिहितात, "असं कुणीतरी म्हणावं." त्यांना मी फक्त सोडलेली गाडी दाखवली तर ती दिसणारच नाही, असं नाही. पण शब्दांची भूक खरी आहे, तिला कमी लेखू नये.


सोनटक्का

कमी लेखत नाही हो. तुमचा मुद्दा दोन दिवस मनात घोळतोय, म्हणून उत्तराला उशीर झाला.

शब्दांची भूक खरी आहे, आणि माझ्या आईलाही ती होती असणार. माझं म्हणणं इतकंच की शब्द महाग करायचे. पहिल्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात "प्रेम" हा शब्द एक्केचाळीस वेळा आला होता. बसून मोजला. शेवटी दोनदा ठेवला. एकदा नायिकेची धाकटी बहीण सिनेमाबद्दल बोलताना म्हणते, आणि एकदा तो म्हणतो, शेवटून तिसऱ्या पानावर. त्या एका वाक्यासाठी दोनशे पानं थांबल्यावर वाचणाऱ्याला ते फुकट मिळाल्यासारखं वाटत नाही.

एक नमुना देते. आधी असं लिहिलं होतं: "तो येणार नाही हे कळल्यावर तिच्या काळजात खोल कळ उठली आणि सगळी मुंबई तिला परकी वाटू लागली." लिहिताना मला फार आवडलं होतं. नंतर विचार केला, की ही बाई त्या क्षणी कुठे आहे? ऑफिसच्या कँटीनमध्ये. समोर डबा आहे. त्याला भरली वांगी आवडतात म्हणून चार जास्त घातलीत. मग असं झालं: "तिने दोन वांगी खाल्ली. उरलेली झाकणात काढली, परत डब्यात ठेवली, आणि डबा बंद करून पुन्हा उघडला." कळ त्या पुन्हा उघडण्यात आली. निदान मला तसं वाटतं.

रोज एक भाग लिहिणं मला जमणार नाही. तुमच्या त्या शिस्तीला मनापासून नमस्कार.


उत्तररात्र

"डबा बंद करून पुन्हा उघडला." पटलं. आज रात्रीचा भाग पुन्हा लिहायला घेतोय.


तिसरी_घंटा

सवयींचा विषय निघालाय म्हणून. एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरीला होता. आत्मचरित्रात त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. मग नोकरीवर. अशी चाळीसच्या वर कादंबऱ्या. प्रेरणेची वाट बघत बसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक जुना नोकर होता, त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आपलं यश काही अंशी त्या नोकरामुळे आहे, असंही ट्रॉलपने मोकळेपणाने मान्य केलंय.

आणि सोनटक्का, तुमच्या आईअण्णांवरून कोलंबियाचा कादंबरीकार मार्केझ आठवला. त्याचे वडील तारमास्तर. घरच्यांचा विरोध असताना आईवडिलांचं जुळलं, ती गोष्ट त्याच्या १९८५ सालच्या गाजलेल्या प्रेमकादंबरीच्या मुळाशी आहे. तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.


सोनटक्का

त्या नोकराचं वाचून बरं वाटलं. पहाटे कुणीतरी कॉफीचा कप टेबलावर ठेवतं, तेव्हा ते अडीचशे शब्द होतात. लिहिणाऱ्या बाईच्या घरी तो कप बहुधा तिलाच ठेवावा लागतो, आणि इतरांचेही. म्हणून कुणी बाई मला म्हणाली की "माझी बैठक होत नाही", तर मी तिला शिस्तीवर भाषण देत नाही. घरात सकाळी पाणी कोण भरतं, ते विचारते.

माझ्याकडे गेल्या वर्षापासून हे उठतात. बुधवार आणि शनिवार. त्या दोन दिवशी मी पावणेसातपर्यंत लिहिते आणि नवीन प्रकरणं नेमकी त्याच दिवशी सुरू होतात.


निळी_छत्री

ताई, तुमची पहिली कादंबरी माझ्याकडे आहे, नवी आवृत्ती. एक गोष्ट सांगू का, राग मानू नका. शेवटच्या भागात २०२४ चा पावसाळा आहे आणि ती त्याला फोनवर म्हणते, "मध्यच्या एक नंबरवर थांबते." डिसेंबर २०२३ पासून दादरला फलाटांचे सलग क्रमांक झालेत. पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ पासून सुरू होऊन १४ पर्यंत. म्हणजे तिने "आठ नंबर" म्हणायला हवं. मी रोज तिथेच गाडी बदलते, म्हणून डोळ्याला खटकलं.


सोनटक्का

राग कसला, तुम्ही माझ्यावर उपकार केलेत. तो भाग मी नव्या आवृत्तीसाठी वाढवला, आणि ती पाच पानं घरी बसून लिहिली. मी पायी चालून न बघितलेली तेवढीच जागा पुस्तकात आहे, आणि चूक तिथेच निघाली.

एरवी प्रसंग लिहिण्याआधी मी तो चालून बघते. हातात घड्याळ घेऊन. तो प्रभादेवीला उतरून परळच्या हॉस्पिटलपर्यंत धावत जातो, तर किती मिनिटं लागतात? पुलावर गर्दी संध्याकाळी साडेसहाला किती असते? दम कुठे लागतो? जिन्याची पायरी ओली असते का? प्रभादेवी आणि परळ जोडणारा एलफिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून पश्चिमेकडून रुग्णाला गाडीने परळला न्यायचं तर टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून वळसा घालावा लागतो. नव्या कादंबरीत नेमका तसा प्रसंग आहे. म्हणून एका रात्री टॅक्सीत बसून तो वळसा घेतला. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना मी घरी दहा पानं केली होती. प्रत्यक्षात सिग्नलला उभं राहिल्यावर एकच दिसलं, की अशा वेळी माणूस ड्रायव्हरच्या मानेकडे बघत राहतो. दहा पानं काढली, मान ठेवली.

आणि "आठ नंबर" यात एक सापडलं मला. फलाट बदलल्यावरही सवयीने ती "एक" म्हणेल, आणि त्याला कळेल की ती जुन्या दिवसांबद्दल बोलतेय. पुढच्या आवृत्तीत दोन ओळी येतील.


अर्धविराम

धागा छान चाललाय. मला शेवटाबद्दल विचारायचं आहे. प्रेमकादंबरीचा शेवट गोड असायलाच हवा का? विश्राम बेडेकरांचं "रणांगण" १९३९ सालचं. जहाजावरच्या प्रवासापुरतं प्रेम, शेवट काळीज चिरणारा, आणि आज इतक्या वर्षांनीही लोक वाचतात. उलट आजकालच्या बऱ्याच प्रेमकथांत शेवटच्या प्रकरणात आईवडील अचानक शहाणे होतात.

दुसरं, थोडं अवघड विचारतो. आपल्याकडे दोन माणसांचं जुळलं की पहिला प्रश्न आडनावाचा येतो. बऱ्याच प्रेमकथांत तो येतच नाही. पात्रांना आडनावंच नसतात.


सोनटक्का

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण ती माझी चूक होती आणि ती इथे कबूल करायला हवी.

माझ्या दुसऱ्या कादंबरीतली दोघं वेगवेगळ्या जातींची. पहिल्या खर्ड्यात मी दोघांनाही आडनाव दिलं नव्हतं. विरोध "घरच्यांचा" होता, "लोकांचा" होता. मला वाटायचं, प्रेमाची गोष्ट आहे, त्यात ते कशाला? हस्तलिखित मी बँकेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना वाचायला दिलं. त्यांनी स्वतः तीस वर्षांपूर्वी असं लग्न केलंय. त्यांनी तीन दिवसांनी परत दिलं आणि म्हणाल्या, "मला अकरा वर्षं माहेरी पाण्याचा पेला वेगळा दिला गेला. तुझ्या नायिकेला नुसतं 'नाराज झाले' म्हणून सोडलंस." मी रात्रभर जागी होते. दीडशे पानं बाजूला ठेवली आणि नव्याने लिहायला घेतली. आडनावं आली. कुणाच्या घरी कुठल्या कपात चहा येतो, ते आलं. सासूने शेवटी पेला बदलला नाही, पण एके दिवशी त्याच पेल्यातून स्वतः पाणी प्यायली, तो प्रसंग आला. लोक मला अजूनही त्या प्रसंगाबद्दल लिहितात. जिथे दुखतं तिथूनच लेखकाने नजर काढून घेतली, तर उरलेली भावना साखरेचा पाक होते.

त्याच कादंबरीच्या वेळी एका प्रकाशकांनी, नाव घेत नाही, शेवटच्या प्रकरणात मुलीचे वडील हात जोडतात असं करा म्हणून सांगितलं होतं. "वाचकांना समाधान हवं." मी नाही म्हटलं आणि हस्तलिखित दीड वर्ष कपाटात पडून राहिलं.

शेवटाबद्दल: मला स्वतःला दोघं एकत्र आलेली आवडतात. तसंच लिहिते. शोकान्त मोठा आणि सुखान्त हलका, असं काही मी मानत नाही. माझ्या आईने ज्या हालात दिवस काढले, तिला संध्याकाळी वाचायला मी पुन्हा रडकी गोष्ट का द्यावी? पण एकत्र येण्याची किंमत पानावर दिसली पाहिजे. काहीतरी सुटलेलं असतं. तिची नोकरी, त्याचं गावचं घर, एखादा भाऊ कायमचा बोलेनासा होतो. ते सुटलेलं मी शेवटच्या पानापर्यंत दिसत ठेवते.

मला शेवटचा प्रसंग आधी ठाऊक असतो, मधलं काही ठाऊक नसतं. शेवट लिहून पाकिटात घालून ठेवते आणि मग पान एकपासून चालू लागते.


अर्धविराम

पेल्याचं वाचून काही सुचेना. धन्यवाद.


वरळीकर

मी लिहिणारा नाही, वाचणारा आहे. पण सोडलेली गाडी आणि ती पाच मिनिटं वाचून काहीतरी सांगावंसं वाटलं.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, सार्वजनिक संडास, आम्ही सहा माणसं. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या त्यात आमचं घर होतं. ५०० चौरस फूट. आईबाबांच्या लग्नाला ४६ वर्षं झालीत आणि पहिल्यांदा त्यांना स्वतःची, दाराची खोली मिळाली. बहिणीने हौसेने पलंग घेतला, पडदे लावले.

चाळीत आई आत जमिनीवर झोपायची, तिच्या बाजूला आम्ही पोरं. बाबा दारात, अर्धे खोलीत अर्धे व्हरांड्यात. उन्हाळ्यात तर बाहेरच. म्हणजे चाळीस वर्षं दोघांच्या मध्ये सात-आठ फूट आणि चार माणसं. नव्या घरात पहिल्या रात्री दोघं त्या खोलीत गेली. मध्यरात्री मी पाणी प्यायला उठलो तर बाबा हॉलमध्ये दाराजवळ चटईवर. आई आत पलंगावर. मला वाटलं भांडण झालं. तेवढ्यात आतून आईने हाक मारली, "ऐकलं का?" बाबा म्हणाले, "हं." बस. मग दोघंही झोपले. दहा मिनिटांत घोरणं सुरू.

त्यानंतर रोज असंच आहे. ती आत, ते दाराशी. रात्री एकदा हाक, एकदा "हं". पलंगाची अर्धी बाजू रिकामी. बहिणीला वाईट वाटतं. मला नाही वाटत. चाळीत ते इतक्या माणसांत एकमेकांना असंच चाचपून बघत असणार अंधारात, आणि आम्ही मध्ये झोपलेलो असायचो. आम्हाला कधी कळलंच नाही.


अनुस्वार

🙏


तिसरी_घंटा

वरळीकर, "मी लिहिणारा नाही" हे वाक्य मागे घ्या.


सोनटक्का

वरळीकर, तुमचा प्रतिसाद मी सकाळी वाचला. पाणी येऊन गेलं आणि पिंप भरायचं राहिलं.

मला हे वहीत लिहून ठेवायचंय. पण आधी तुमची परवानगी हवी, आणि तुमच्या आईंचीही. का, ते सांगते. पहिल्या कादंबरीत मी बँकेतल्याच एका मुलीचा किस्सा घेतला होता. तिने डबा खाताना सहज सांगितलेला. नाव बदललं, शाखा बदलली, गाव बदललं, म्हणजे झालं असं मला वाटलं. पुस्तक आल्यावर तिने ते वाचलं आणि तिच्या लक्षात आलं. ती भांडली नाही. डबा खायला वेगळ्या टेबलावर बसू लागली. मी माफी मागितली, तिने "ठीक आहे" म्हटलं, आणि वर्षभराने तिची बदली झाली. ते टेबल मला अजून दिसतं. तेव्हापासून कुणाच्या घरातलं काही घ्यायचं तर विचारून घेते. नाही म्हटलं तर वहीतलं पान फाडते, ठेवून देत नाही. ठेवलं की दोन वर्षांनी हात तिकडे जातो.

अण्णांनाही मी विचारलं होतं, थेंबांचं लिहू का म्हणून. ते म्हणाले, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" त्याला मी होकार समजले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिही, पण ते हात धुवायचे ते लिही. गिरणीतून आले की कधी धुवायचे नाहीत." ते मी वर लिहिलंय, बघा.

तेव्हा सावकाश विचारा. घाई नाही.


निळी_छत्री

धागा वर काढतेय. वरळीकर, आईंना विचारलं का? रोज येऊन बघते मी.


उत्तररात्र

मीही.

माझ्या कालच्या भागात नायक एकही शब्द बोलत नाही, नुसती तिची छत्री दुरुस्त करून आणतो. भीत भीत टाकला होता. एकीने खाली लिहिलंय, "माझ्या नवऱ्याने काल माझ्या चपलेचा अंगठा शिवून आणला, मी लक्षच दिलं नव्हतं." सोनटक्का ताई, हे तुम्हाला सांगायचं होतं.


वरळीकर

उशीर झाला, माफ करा. आईला रविवारी विचारलं. तुमचा धागा मोबाइलवर वाचून दाखवला, पेल्याचा भाग दोनदा वाचायला लावला.

मग माझा प्रतिसाद वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, हे चुकीचं लिहिलंयस. मी विचारलं काय चुकलं. ती म्हणाली, "तू पाणी प्यायला उठलास ती दुसरी हाक. पहिली हाक ह्यांनी मारली होती. मला नव्या पलंगावर झोप लागेना, मी पडून होते. ह्यांनी बाहेरून हाक मारली, माझ्या नावाने. लग्नानंतर पहिल्यांदा. चाळीत कधी नावाने हाक मारता आली नाही, सगळे होते. मला ओ द्यायलाही सुचलं नाही. मग थोड्या वेळाने मी 'ऐकलं का' म्हटलं, ते तू ऐकलंस."

बाबा हे सगळं ऐकत खिडकीशी बसले होते. काही बोलले नाहीत. उठून चहा टाकायला गेले.

आई म्हणाली, त्या बाईंना म्हणावं लिहा, पण हाक कुणी मारली ते नीट लिहा.


सोनटक्का

आईंना नमस्कार सांगा. वहीत खाडाखोड करून नीट लिहून घेतलं: पहिली हाक त्यांची, नावाने.